मुंग्यांनी नेलेली लव

छबुबाईच्या डाव्या पिंढरीला फक्त पाटी लावायची राहिली होती. बाकी सगळं शेतकी खात्याच्या चाचणी-प्लॉटसारखंच होतं. गुडघ्याखाली क्रीमचा वाफा, त्याच्या खाली ब्लेडचा, मग वजरीनं घासलेला आणि घोट्याजवळ साखरेचा. मधेमधे रान तसंच राखलेलं, म्हणजे कुठं काय उपटलं ते ओळखू यावं.

"तालुक्यावरून साहेब बोलावू का पाहणीला?" नवरा उत्तरेश्वर उंबऱ्यात चपला काढता काढता म्हणाला. "आणेवारी लावून जातील."

"तुमी कारखान्याची राखण करा. बायकांच्या पिंढऱ्यांची कावून करता?"

"बायकांच्या न्हाई, बायकोच्या. ते बी दिवसाउजेडी."

उत्तरेश्वर सहकारी साखर कारखान्यावर वॉचमन होता. पाऊस असा रुसला होता की शिवारात ऊस औषधाला उरला नव्हता. गाळप बंद, चिमणी थंड, कामगार घरी. बंद कारखान्यात राखायचं काय, तर गंज. तो गंज उत्तरेश्वर इमानेइतबारे राखायचा आणि दुपारी जेवायला घरी येऊन बायकोची टिंगल करायचा.

पण आज छबुबाईचं ध्यान टिंगलीत नव्हतं. साऱ्या गावात तिचं एकच पार्लर. ओसरीत एक आरसा, धारूरच्या सलूनवाल्यानं टाकून दिलेली एक खुर्ची आणि भिंतीला अंबाजोगाईच्या कोर्सचा फोटो. तिच्या धंद्याची गंमत अशी की तिची स्वतःची कातडी दुधावरच्या सायीसारखी. बांगडी घट्ट बसली तरी वळ उठायचा, साबण बदलला की सोलपटं निघायची. म्हणून तिनं रीतच पाडली होती. नवीन काहीही आलं की आधी आपल्या पायावर रुपयाएवढ्या जागेत लावायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं, मगच गिऱ्हाइकाला हात लावायचा.

"माझ्या कातडीनं सोसलं ते म्हशीनं बी सोसलं समजा," असं ती बायकांना सांगायची.

"म्हंजे आमी म्हशी व्हय गं छबे?"

"तसं कुठं म्हनले मी? म्हशीला आधी लावून बघायचं ऱ्हायलंय."

या वेळी मात्र चाचणी गिऱ्हाइकासाठी नव्हती. बहिणीची पोर अयोध्या हिच्यासाठी होती. बहीण-मेव्हणा दिवाळी झाली की कोयता घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला जायचे, त्यामुळं पोर लहानपणापासून मावशीच्या हाताखाली वाढलेली. अंबाजोगाईला नर्सिंग शिकली, तिथल्याच एका दवाखान्यात लागली. तिथं वडिलांच्या पायाची पट्टी बदलायला एक पोरगा यायचा. वडिलांची जखम भरली तरी पोराचं येणं थांबेना, तेव्हा साऱ्या दवाखान्याला खरा रोग कळला. अयोध्यालाही तो पसंत होता. घरदार जुळत होतं. आडवी एकच गोष्ट होती, ती म्हणजे पोराची आई, माजलगावकडच्या विमलबाई.

विमलबाईंचं ठाम मत असं, की ज्या बाईच्या पायावर केस तिच्या घरात पाणी टिकत नाही. थोरली सून न तपासता आणली आणि त्याच वर्षी मळ्यातली विहीर आटली, हा त्यांचा पुरावा. आता त्या वर्षी तालुक्यातल्या झाडून साऱ्या विहिरी आटल्या होत्या. मग काय तालुक्यातल्या साऱ्या सुना अस्वलासारख्या होत्या? पण हे त्यांना विचारणार कोण? बघायला गेल्यावर पोरीचं लुगडं वर करून बघणं बरं दिसत नाही, म्हणून विमलबाईंनी युक्ती काढली होती. चहा झाला की म्हणायच्या, "माळवदावर वाळवण काय घातलंय गं? बघून ये बरं." पोर शिडी चढायची आणि विमलबाई हवा खाल्ल्यासारख्या खाली उभ्या राहायच्या. केजकडची एक पोर शिडीच्या मधल्या पायरीवरच नापास झाली होती.

आणि अयोध्याच्या पायावरची लव म्हणजे दुष्काळातही न हटणारं पीक. कातडी मात्र मावशीची. कॉलेजात असताना गॅदरिंगसाठी मैत्रिणीचं ब्लेड फिरवलं, तर दोन्ही पाय पुटकुळ्यांनी भरले. पोर कितीतरी दिवस फेंगडी चालत होती.

"मावशी, राहू दे ना केस," अयोध्या म्हणाली. विमलबाई बघायला येणार म्हणून सुट्टी काढून ती आली होती. "पाय चालायला असतात."

"चालायला असत्यात गं बाई. पण तुला शिडी चढायचीय."

"मग चढते. पडले नापास तर पडले."

असं म्हणाली खरी, पण म्हणताना तिनं मान खाली घातली आणि नखानं ओसरीचं सारवण उकरत बसली. छबुबाईला तेवढं पुरे झालं. उसाच्या फडातून बहिणीचा फोन आला होता, "छबे, पोर तुझ्यावर टाकलीय." आता पोरीचे पाय गुळगुळीतही हवे होते आणि त्यांच्यावर एक पुळीही उठायला नको होती.

तर प्लॉटचा निकाल असा. क्रीमचा वाफा जिभेसारखा लाल झाला होता आणि आतून चुरचुरत होता. ब्लेडच्या जागी घामोळ्यासारखे दाणे. वजरीनं केसाआधी सालटं निघालं. साखरेच्या जागी मात्र घडीभर लाली आली, वर कोरफडीचा गर थापला, संध्याकाळपर्यंत कातडी पूर्ववत. लिंबू बेतानं पिळायचं, साखरेचा पाक बाळाच्या न्हाणीच्या पाण्याइतका कोमट होऊ द्यायचा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. तिनं अयोध्याच्याही घोट्यावर चिंचोक्याएवढ्या जागेत तो लावून कापडाच्या पट्टीनं ओढून बघितला. पोरीचा पाय जसाच्या तसा.

साखरेला तोटा नव्हता. कारखान्याच्या सभासदांना दिवाळीला सवलतीची साखर मिळते, तिचा मागचा कट्टा घरात होता. गावात प्यायला पाणी नव्हतं पण घरोघर साखर होती, अशी उलटी तऱ्हा. आणि सारा घोळ तिथंच झाला. पाण्याच्या वर्षी छबुबाई वापरलेल्या पट्ट्या कढत पाण्यात टाकायची. साखर विरघळायची, केस मोरीतून जायचे, पट्ट्या पुन्हा वापरायला तयार. यंदा टँकर यायचा तेव्हा हंड्याला हंडे आपटायचे. पट्ट्या कोण धुतंय? तिनं त्या चिकट पट्ट्या परसात एका पत्र्याच्या डब्यात टाकायला सुरुवात केली. पाऊस पडला की धुऊ.

उत्तरेश्वर जेवून लवंडला, अयोध्या आत पडली होती. छबुबाई राख टाकायला परसात गेली. टळटळीत दुपार होती. गल्लीतली निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, त्यांच्या दारांना कुलपं आणि कुलपांना चिंध्या बांधलेल्या. कुत्रीसुद्धा माणसांच्या मागं गेली होती. अशा दुपारी स्वतःच्या चपलेचा आवाजही दुसऱ्या कुणाचा वाटतो.

डब्यातून मुंग्यांची रांग निघाली होती. पहिल्यांदा तिला वाटलं, दुष्काळात मुंग्यांना मिशा फुटल्या की काय. मग ती खाली वाकली. प्रत्येक मुंगीच्या तोंडात एक केस होता. आखूड, काळा, पायावरचा केस. डोक्यावर भाला धरावा तसा धरून एकामागं एक निघाल्या होत्या. ना गडबड, ना रेटारेटी. टँकरवर बायका अशा रांगेत राहिल्या असत्या तर सरपंचाचं अर्धं काम वाचलं असतं.

छबुबाई हसणार होती. पण तिनं रांग कुठं चाललीय ते पाहिलं आणि हातातली राख तिथंच टाकली. रांग परसाची भिंत ओलांडून शेजारच्या सरस्वतीकाकूंच्या मागच्या दाराखालून आत जात होती.

सरस्वतीकाकू गेल्या उन्हाळ्यात वारल्या. टँकरवरून हंडा भरून आणला, उंबऱ्यावर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. हंडा मात्र भरलेला तसाच होता; त्यातलं थेंबभर सांडलं नव्हतं. मुलगा पुण्याला. दिवस करून गेला, घराला कुलूप घातलं आणि किल्ली छबुबाईकडं ठेवली. या काकूंना गल्लीत एक मान होता. बायका विंचरताना निघालेले केसांचे गुंते आणून काकूंच्या हातात द्यायच्या. उघड्यावर टाकले तर कुणी उचलून काहीबाही करील, ही भीती. काकू गुंत्यावर थुंकायच्या, आपल्या मधल्या घरातल्या भिंतीच्या फटीत कोंबायच्या आणि वरून शेणानं लिंपून टाकायच्या. केस ज्याच्या ताब्यात गेले त्यानं हाक मारली की माणसाला उठून जावं लागतं, असं काकूच सांगायच्या. जिवंत होत्या तोवर हे ऐकून बायकांना निर्धास्त वाटायचं.

छबुबाईनं डब्यात हात घातला. सगळ्यात वरची पट्टी अयोध्याच्या घोट्यावरची. ती धुतल्यासारखी पांढरी झाली होती. साखर नाही आणि केसही नाही.

तिनं नवऱ्याला हलवून उठवलं.

"मुंग्या साखरेला आल्यात," उत्तरेश्वर डोळे चोळत म्हणाला. "कारखान्यावर तर गोदामभर हायेत."

"साखरेला आल्यात तर साखर खाव्यात. केस कावून नेत्यात?"

एरवी उत्तरेश्वराकडं कशालाही टोमणा तयार असायचा. या वेळी तो धोतर सावरत उठला आणि परसाच्या दाराला कडी घालून आला.

"मग पोरीला क्रीम लाव," तो म्हणाला. "डब्यात पडलेलं ऱ्हाऊ दे तिकडं."

छबुबाईनं पिंढरी पुढं केली. क्रीमचा वाफा अजून लाल होता. "हे घेऊन चढू दे पोरीला शिडी? आन् जे गेले ते गेलेच की. चिंचोक्याएवढे का व्हईनात, पोरीचेच हायेत."

तिनं खुंटीवरची किल्ली काढली.

काकूंच्या घरात शिरताच तिला गारवा जाणवला. पाण्यानं भरलेल्या घरात असतो तसा. चूल थंड, हंडे पालथे. मधल्या घरात धाब्याच्या झरोक्यातून उजेडाची एक पट्टी पडली होती आणि तिच्यात ती भिंत.

भिंतीला लव आली होती.

छबुबाई बायकांच्या पायांवर हात फिरवून म्हातारी होत आलेली बाई. तिला ही लव कळत होती. खालून वर विरळ होत जाणारी, एका बाजूला झुकलेली, मांडीशी मऊ आणि नडगीवर राठ. मुंग्या फटीफटीतून आत जायच्या, बाहेर यायच्या आणि प्रत्येक फेरीला भिंतीवर एक केस उभा राहायचा. शेणाचं लिंपण निघून जुन्या गुंत्यांची टोकं बाहेर आली होती. त्यात पांढरे होते, मेंदी लावलेले होते, गल्लीतल्या साऱ्या बायका होत्या. आता ऊस तोडायला गेलेल्या, गावात राहिलेल्या, मेलेल्यासुद्धा.

तिनं चिमटीनं एक केस उपटला. कुणाचा? दुसरा उपटला. तोही तसाच. अयोध्याचे केस तिला ओळखता येईनात आणि भिंत प्रत्येक उपटण्याला बारीक आक्रसत होती. दुखऱ्या कातडीचं गिऱ्हाईक आक्रसतं तशी.

छबुबाईचा हात आपोआप थांबला. ती मागं सरकली आणि उंबऱ्याशी बसली.

"काकू," ती म्हणाली. "तुमची कातडी बी आमच्यासारखीच निघाली की वो. मला आधी सांगायचं."

मुंग्यांचं चालू होतं.

"चिंचोक्याएवढी लव नेलीत पोरीची. तिची हाक मारू नका. तिला आता कुठं घर मिळतंय. बदल्यात मी माझे दोन्ही पाय देते. रंग त्योच, रान त्येच. माझीच बहीण, माझीच पोर. हाक मारायची तर मला मारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाकाचं भांडं उचललं आणि काकूंच्या मधल्या घरात जाऊन बसली. कुणाला सांगितलं नाही. भिंतीसमोर पाय पसरले, साखर लावली, पट्टी दाबली आणि ओढली. चाचणीचे वाफे होते तेवढे वगळून दोन्ही पाय पार स्वच्छ केले. एकेक पट्टी काकूंच्या भिंतीशी पसरून ठेवली, नैवेद्याची पानं मांडावीत तशी. डोळ्यांत पाणी येत होतं, ते केसामुळं की कशामुळं ते तिचं तिलाच ठाऊक.

"घ्या," ती म्हणाली. "सभासदाची साखर हाय. असली बाजारात मिळायची न्हाई."

घरात वारा नव्हता. तरी भिंतीवरची सारी लव एकदम ताठ उभी राहिली. छबुबाईनं डोळ्यानं बघितलं. साऱ्या भिंतीच्या अंगावर काटा आला. मग लव हळूहळू पुन्हा खाली बसली, आणि मुंग्यांची रांग परसाकडं जायची थांबून तिच्या पट्ट्यांकडं वळली.

ती घरी आली, तिनं हात धुतले आणि अयोध्याचे पाय करायला घेतले. पिण्याच्या पाण्यातला एक तांब्या तिनं चुलीवर उकळत ठेवला होता. पोरीची प्रत्येक पट्टी त्यात बुडवायची, पाणी लगेच चुलीच्या राखेत ओतायचं.

"मावशी, पिण्याचं पाणी?" अयोध्या ओरडली.

"आज तहान न्हाई मला."

"आणि तुझेबी पाय केलेस की! कशाला?"

"सासू तुझी, पण मान माझा. म्हनल्या तर मीबी शिडी चढून दाखवीन. गप पाय सरळ कर."

वर कोरफडीचा गर थापून तिनं पोरीला पंख्याखाली झोपवलं. लाली आली, लाली गेली. एक पुळी उठली नाही.

विमलबाई दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं आल्या. उत्तरेश्वरानं कारखान्याचा इतिहास सांगून त्यांना अर्धमेलं केलं. चहा झाला. विमलबाईंनी पदरानं वारा घेत विचारलं, "माळवदावर वाळवण काय घातलंय गं? बघून ये बरं."

अयोध्यानं मावशीकडं पाहिलं आणि शिडी चढली. एक पाय, दुसरा पाय. विमलबाईंची मान तिच्याबरोबर वर जात होती. छबुबाईनं शिडी धरून ठेवली होती, आणि तिला पोरीच्या पायांपेक्षा शेजारच्या भिंतीकडं बघायचं जास्त भय वाटत होतं.

"वाळवण काही नाही हो!" वरून अयोध्याचा आवाज आला. "पिठाला कालवायला पाणीच नाही, तर वाळवण कुठलं?"

विमलबाई मान खाली न घेताच म्हणाल्या, "नसू दे, नसू दे. पाय... पाऊल बरं हाय पोरीचं. पानी येईल." मग त्यांची नजर खाली आली ती छबुबाईच्या नडगीवर थबकली. "तुमच्याकडं समद्यांचंच असं?"

"आमची खाणच अशी, ताई," छबुबाई म्हणाली आणि लुगडं खाली ओढलं.

साखर वाटली गेली. ऊसतोडीची माणसं परतली की लग्न, असं ठरलं. अयोध्या तिसऱ्या प्रहरच्या एसटीनं अंबाजोगाईला परत गेली. जाताना मावशीच्या गळ्यात पडून इतकी रडली की उत्तरेश्वर म्हणाला, "अगं, टँकर हाय का तू?"

त्यानंतरची एक दुपार. उत्तरेश्वर कारखान्यावर. गल्ली तशीच, कुलपं तशीच. छबुबाई ओसरीत पाय पसरून बसली होती, समोर सूप. शेजारच्या बंद घरातून आवाज आला.

"छबे."

मोठ्यानं नाही. टँकरच्या रांगेत पुढं उभ्या असलेल्या बाईनं मागं वळून हाक मारावी इतकाच. आणि छबुबाईचे पाय हलले. तिनं हलवले नव्हते. उजवा पाय जमिनीवरून उचलला गेला, टाच टेकली, बोटं शेजारच्या दाराकडं वळली. डावाही त्याच्या मागं निघाला. गुळगुळीत कातडीवर नव्या केसांचे काळे ठिपके उमटले होते आणि ते सगळे एका दिशेला बघत होते.

छबुबाईनं ओसरीचा खांब धरला.

"काकू," ती पलीकडं ऐकू जाईल अशी म्हणाली, "दिलेला शब्द दिला. पण पोरीच्या अंगाला हळद लागू द्या. तिची आई अजून फडातून आली न्हाई, मांडवात उभं राहायला माणूस न्हाई. तुमी असं मधेच बोलवता व्हय? जरा सबुरीनं घ्या की."

मग पुन्हा एकदा, जरा नाराज आवाजात, "छबे..."

"ऐकलं म्हनले ना! येते. लग्न झाल्यावर."

पलीकडं शांत झालं. छबुबाईनं खांब सोडला, दोन्ही पाय हातांनी उचलून मांडीखाली दडपले, त्यांच्यावर आपलं सगळं वजन टाकून बसली आणि लग्नासाठी आणलेले तांदूळ निवडायला घेतले.